चाळीस मिनिटं बसायचं

२०२४ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. त्या दिवशी मला दुसरीच्या बाकावर बसवलं होतं.

बाक पोरांचा. गुडघे माझ्या छातीला लागत होते. रोह्यातली इंग्रजी शाळा, डोक्यावर पंखे, पायाखाली गुळगुळीत फरशी. पालकांची सभा होती. तीस-पस्तीस आयाबाप, सगळे माझ्या पोराच्या वयाचे. म्हातारा मी एकटाच. पोराची धाटावला कंपनीत फर्स्ट शिफ्ट, सुनेला ताप. म्हणून नातीसाठी मी आलो होतो. धुतलेला सदरा, टोपी. चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन बघतो तर बाकी सगळे पायात घालून बसलेले. परत जाऊन घालून येण्याची लाज वाटली. तसाच बसलो.

समोर मोठ्या बाई. म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. एकेका पोराचं नाव घेऊन बोलत होत्या. माझ्या नातीचं नाव आलं.

"आर्वीचे पालक?"

मी उठायला गेलो तो बाकात अडकलो. मागं कोणतरी हसलं.

"असू दे आजोबा, बसूनच ऐका. आर्वी जागेवर बसत नाही. दर दोन मिनिटांनी उठते. दुसऱ्यांच्या वह्या ओढते, बाकाखाली शिरते. परवा एका मुलीला चावली. हे आमच्या शाळेत चालत नाही. उद्यापासून ती दाराजवळ वेगळी बसेल, भिंतीकडे तोंड करून. एक महिना बघू. चाळीस मिनिटांचा तास तिला बसता आलं पाहिजे. नाहीतर दाखला घेऊन जा. इथे सही करा."

कागद इंग्रजीत. मी दुसरी शिकलेला. मराठी सावकाश वाचतो, इंग्रजी नाय. सही करायच्या आधी मी बोललो. तिथंच चुकलो, असं नंतर घरातले सगळे म्हणाले.

"बाई, मागल्या महिन्यात ती बसत होती. ह्या वर्गाच्या लहान बाई पोरांना आधी नाचवायच्या, मग शिकवायच्या. तवा ती बसायची. मी खिडकीतून बघितलंय. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात माती तुडवायला होतो, लय वर्षं. माती पयली पायाखाली घ्यावी लागते. तशीच उचलून साच्यात भरली तर तडकते. पोरांचं पण तसंच हाय. पयली त्यांना..."

"म्हणजे आम्ही मुलांना तुडवायचं का आजोबा?"

सगळे हसले. बाई पण हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "इथे शिकवायला शिकलेली माणसं आहेत. गणपतीचं गणपतीच्या कारखान्यात. आता काय करायचं आजोबा? हाताची घडी... तोंडावर बोट!"

पोरांना म्हणतात तशा लाडीक सुरात म्हणाल्या. अख्खा वर्ग खो खो हसला.

आणि मी ते केलं.

खोटं कशाला लिहू? माझ्या हातांची घडी झाली. उजव्या हाताचं बोट ओठांवर आलं. मी नेलं नाही, ते गेलं. मी खरंच करीन असं बाईंनाही वाटलं नव्हतं. त्या गंमत करत होत्या. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस खरंच तोंडावर बोट ठेवून बसलेला बघितला तेव्हा हसणं एकदम बंद झालं. ती शांतता हसण्यापेक्षा वाईट होती.

मग मी बोट काढलं आणि सही केली.

हात असा आपसूक का जातो ते मला माहीत आहे. सात वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत आहे.

आमच्या गावाला एकच गुरुजी. खोतांच्या घरातले. त्यांची जमीन माझा बाप कसायचा. कुळांसाठी कायदा आला होता म्हणे, पण तो आमच्या बापापर्यंत पोचला नव्हता. मला वर्गात बसवत नसे. पाय शिवशिवायचे. वाईट काही करत नव्हतो, नुसता उठायचो. बाहेर म्हैस गेली की उठायचो, कौलावर काही वाजलं की उठायचो. गुरुजींनी छडी लावली. उन्हात उभं केलं. मग एके दिवशी बापाला बोलावून बैलाचं दावं मागितलं. बापानं आणून दिलं. स्वतःच्या हातानं. म्हणाला, "बांधा गुरुजी. घरी पण तसंच करतो."

घरी मला कधी कोणी बांधलं नव्हतं. खोतापुढं काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला.

माझा डावा पाय शाळेच्या खांबाला. हाताची घडी, तोंडावर बोट. पोरं येताजाता हॅक हॅक करायची, बैलाला करतात तसं. एक पावसाळा आणि एक हिवाळा असा काढला. त्यात मी काय शिकलो? कोणी वरचा बोलला की गप बसायला शिकलो. दुसरा पाढा काही आला नाही.

दुसरी झाली आणि मी सुटलो. पळालो म्हणा.

पाढे आले ते पेणला. भाताची कामं आटपली की गावातली माणसं पेणला गणपतीच्या कारखान्यांत जायची, त्यांच्यात मी पण. शाडूची माती भिजवून फरशीवर पसरायची आणि गोल फिरत पायांनी मळायची. तिथं तात्या म्हणून एक म्हातारा होता. चारचौघांचे पाय एका ठेक्यात पडावेत म्हणून तो पाढे म्हणायचा. बे एके बे, पाऊल. बे दुणे चार, पाऊल. दिवसभर. ज्याला खांबाला बांधून बेचा पाढा येत नव्हता, त्याला दोन हंगामांत तीसपर्यंत आले. आज विचारा. तेवीस सक? एकशे अडतीस. झोपेतून उठवून विचारा.

एवढंच मला माहीत होतं. तेच सांगायला गेलो होतो.

सभा सुटल्यावर लहान बाई गेटाशी भेटल्या. म्हणजे आर्वीच्या वर्गाच्या बाई. नागोठण्याकडची पोर, लग्न नुकतं झालेलं. मी नातीला आणायला रोज घंटेआधी यायचो तेव्हा खिडकीतून तिचा वर्ग बघायचो. खडूनं फरशीवर चौकटी काढायची, चौकटीत आकडे. पोरांनी उडी मारायची आणि आकडा ओरडायचा. मग म्हणायची, आता झाड व्हा. सगळी पोरं हात वर करून एका पायावर. मग वारा सुटला. मग वारा थांबला. मग हळूच बसा. आणि खरंच बसायची. आमची बाय पण बसायची. (घरात तिला बाय म्हणतो. आर्वी हे नाव शाळेसाठी.) कोणाला चावायची नाही, कोणाची वही ओढायची नाही. पेन्सिल धरून, जीभ बाहेर काढून लिहायची. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"आजोबा, तुम्ही माझं नाव नको होतं घ्यायला," लहान बाई म्हणाल्या.

"मी चांगलं म्हणून सांगितलं."

"माहितीय मला. पण माझ्याकडून मॅडमनी आधीच लिहून घेतलंय, वर्गात खेळ घेणार नाही म्हणून. आवाज वर ऑफिसात जातो. एक पालक येऊन बोलले, आमची मुलं शाळेत उड्या मारायला येतात का." इकडंतिकडं बघून हळू म्हणाली, "तिला भिंतीकडे बसवायचं मलाच आहे. मला काय बरं वाटतं का?"

तिचाही पाय बांधलेला.

घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आता सगळ्यांकडे फोन आहेत. पोरगा, दिनेश, कंपनीतून येऊन ओटीवर बसला होता. बूट पण काढले नव्हते.

"आबा, तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं तिथं?"

"मी खोटं काय बोललो?"

"खरंखोटं नाय विचारत मी. तुमच्या त्या मातीपायी पोरीची शाळा जायची." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी आठ तास मशीनपुढं उभा असतो. मला बसायची परवानगी नाय. बसतो कोण? साहेब. काचेच्या खोलीत, खुर्चीवर. माझ्या पोरीनं खुर्चीवर बसायचं हाय. उद्या कंपनीत तिला पण उभी करू का?"

सून, रेश्मा, ताप अंगावर घेऊन आतून आली. "आबा, पाया पडते. महिनाभर गप बसा. तिला बसायला शिकवा घरी. तुमचं ऐकते ती."

माझं ऐकते हे खरं होतं. आणि दिनेशचं बोलणं मला पटलं, हेही खरं. आमच्यात बसून खाणारा तो मोठा आणि उभं राहून मरणारे आम्ही. बसायला आलं पाहिजे. मी म्हटलं, बसवतो.

मी अभिमानी माणूस. एकदा हातात घेतलं की सोडत नाही. पडवीत पाट मांडला. समोर भिंतीवर घड्याळ. शाळेतून आली, भाकरी खाल्ली की पाटावर. हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या दिवशी चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी सहा. ती उठली की मी काटा परत पहिल्यापासून मोजायचो. ती रडायची. मी म्हणायचो, "बाय, शाळा पायजे ना? खुर्ची पायजे ना?"

"पायजे."

"मग बस."

आठव्या दिवशी वीस मिनिटांवर गाडी अडली. काही केल्या पुढं सरकेना. पाय हलायचे, मग पायामागून ती. तेव्हा मी माझं उपरणं काढलं आणि तिच्या पायाला सैल गाठ मारून दुसरं टोक पडवीच्या खांबाला बांधलं. सैल बांधलंय, असं स्वतःला बजावलं. तिला म्हटलं, हा खेळ आहे. ती हसली पण. खेळ म्हटल्यावर हसली.

हे मी केलं. मी. गुरुजींनी नाय, मोठ्या बाईंनी नाय.

आणि उपयोग झाला! हे लिहिताना लाज वाटते, पण उपयोग झाला. पंचवीस झाली, तीस झाली. शाळेच्या डायरीत लहान बाईंनी लाल शाईनं लिहून पाठवलं. रेश्मानं वाचून दाखवलं, "सुधारणा आहे." पुढं तारा काढलेला. दिनेश रोह्याहून पेढे घेऊन आला. मला पहिला पेढा दिला. म्हणाला, "आबा, तुम्हीच केलंत." मी खाल्ला. गोड लागला.

त्या दिवसांत बाय अंगणात जात नव्हती. वालाच्या शेंगा आल्या होत्या, बांधावर पोरं पोपटी लावत होती, मडक्यात शेंगा भाजल्याचा वास घरात येत होता. शेजारची पोर हाक मारायला आली. "आर्वी, येतंस का गो?" बाय माझ्याकडे बघायला लागली. मी जा म्हटलं. ती गेली नाही. मला वाटलं, शहाणी झाली.

मग तो रविवार. दुपारी दिनेश झोपलेला, सून नदीवर धुणं घेऊन गेलेली. बाय पाटावर. मी शेजारी सुतळी वळत होतो. छत्तीस मिनिटं झाली. सदतीस. मी मनात म्हटलं, आज चाळीस भरणार.

पाटाखालून पाणी आलं.

मला आधी कळलं नाही. वाटलं, तांब्या कलंडला. मग वास आला. बायचा परकर भिजलेला. पाणी पाटावरून खाली, माझ्या सुतळीपर्यंत. ती हलली नव्हती. समोर घड्याळाकडे बघत होती.

"बाय, सांगायचं नाय का? उठायचं नाय का गो?"

तिनं बोट काढलं नाही. बोटाच्या मागूनच म्हणाली, "आबा, अजून तीन मिनिटं हायत."

सात वर्षांची पोर. घरात. माझ्यासमोर. मला विचारायला घाबरली नव्हती ती. तिला विचारावंसंच वाटलं नव्हतं. मला खांबाला बांधलं होतं तेव्हा मी निदान मनातल्या मनात शिव्या द्यायचो, दाव्याची गाठ नखानं उकरायचो. हिची गाठ सैल होती. पाय नुसता ओढला असता तर निघाला असता. तिनं ओढलाच नव्हता. तीन आठवड्यांत मी तिला गुरुजींच्यापेक्षा पक्की बांधली होती.

मी गाठ सोडली. मोरीत नेऊन तिला धुतली, कोरडी केली. ती विचारत होती, "परत पहिल्यापासून काय, आबा?"

"नाय. परत नाय. कधीच नाय."

"मग शाळा?"

मी तिचा भिजलेला परकर पिळायला घेतला.

दिनेश उठल्यावर त्याला सगळं सांगितलं. उपरण्याचं पण. त्यानं पोरीचा पाय हातात घेऊन उलटसुलट बघितला. वळ नव्हता. मग म्हणाला, "बांधायचं नव्हतं, आबा."

"नव्हतंच."

"आता नका बांधू. पण पाटावर बसवा. आठवडाच राहिलाय. तारा मिळालाय तिला."

"दिनेश, ती बसायला शिकली नाय. ती हलायची भ्यायला लागलीय. ह्याला तारा देतात ते."

"मग काय करू मी? शाळा बदलू? कुठं घालू? सगळीकडं हेच हाय. ह्यांच्याशी भांडून आपण कुठं जाणार?"

"माझा बाप पण हेच बोलला असल. दावं देताना."

तो उठून आत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. रेश्मा चुलीपुढून म्हणाली, "आबा, तुमचं वय झालं, तुमची शाळा झाली. आमच्या पोरीचं आयुष्य जायचंय." तीही बरोबर होती. घरात सगळे बरोबर होते आणि मधे पोरगी भिंतीला टेकून बसली होती, पाय पोटाशी घेऊन, सांगितल्याशिवाय.

मी कोणाला काही वचन दिलं नाही. पाट उचलून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर रिक्षात बसलो. रेश्मानं दारातून सांगितलं, "आबा, गेटपर्यंतच जा हां." मी ऐकलं.

घंटा व्हायला अर्धा तास होता. पोरं व्हरांड्यात ओळीनं बसलेली, मांडीवर दप्तर. घंटेआधी मैदानात उतरायचं नाही असा तिथला नियम. एवढं मोठं मैदान, लाल माती, आणि त्यावर एक पाऊल नाही. मी बायला व्हरांड्याशी सोडली आणि मैदानात उतरलो. कडेकडेनं चालायला लागलो. पाय आपटत. गुडघा दुखत होता, तरी आपटत.

"बे एके बे. बे दुणे चार."

गेटवरचा माणूस धावत आला. "ओ आजोबा, कुठं चाललात? बाहेर व्हा, मॅडम ओरडतील."

"ओरडू दे. बे त्रिक सहा."

तिला बोलावलं नाही. ओढलं तर नाहीच. एक फेरी माझी एकट्याची झाली. व्हरांड्यातली पोरं तोंडावर हात धरून हसत होती. बाय त्यांच्यात बसली होती, बघत होती. दुसऱ्या फेरीला मी तिच्यासमोरून गेलो तेव्हा तिनं दप्तर खाली ठेवलं होतं. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर मागं छोटी पावलं वाजायला लागली. मी वळलो नाही.

"सात चोक," मी म्हटलं.

"अठ्ठावीस," मागून. पुटपुटल्यासारखं.

"मोठ्यानं. सात पाचा?"

"पस्तीस!"

मोठ्या बाई खाली आल्या. पदर सावरत, भराभर. आमच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"आजोबा, हे काय चाललंय? थांबा. आत्ताच्या आत्ता थांबा."

माझा हात वर उचलला जायला लागला. मला कळलं. मी तो हात बायच्या खांद्यावर ठेवला.

"आजपासून ही भिंतीकडं तोंड करून बसणार नाय, बाई. आणि घंटेआधी ही रोज इथं चालणार. मी चालवणार."

"मग दाखला देईन मी हातात."

"द्या. दुसरीकडं घालू. तिथल्या मैदानात पण मी घंटेआधी येणार."

"आजोबा, उभे राहा आणि नीट बोला माझ्याशी."

"उभा नाय राहणार. बोलायचं असल तर चालत चालत बोला."

त्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही त्यांना वळसा घालून पुढं गेलो.

"सात सक?"

"बेचाळीस!"